तारांचे तीन ढीग

चाक रिममुळे उभं राहतं, असं लोकांना वाटतं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक रिमेवर टिचकी मारतं, टायर दाबतं आणि "मजबूत आहे ना?" असं विचारतं. तारांकडे कुणी बघत नाही. तारा म्हणजे स्पोक. आबा जन्मभर तारच म्हणत आले, म्हणून मीही तारच म्हणते. हेल्मेटवाले इंजिनियर आले की मात्र जीभ वळवून स्पोक म्हणते, नाहीतर त्यांना वाटतं या बाईला काही येत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. नांदे गावात, हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं सायकलचं दुकान आहे. भाताची खाचरं गेली, तिथं खोल्या झाल्या, खोल्यांत भाडेकरू आले, शेजारपाजारच्यांनी मोबाइलची आणि चायनीजची दुकानं टाकली. आबांनी सायकली काही सोडल्या नाहीत. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न गावातच झालं, सासर आणि माहेर चार घरांच्या अंतरावर, त्यामुळे लग्नाआधी दुकानात बसत होते ती लग्नानंतरही बसत राहिले. सासूबाईंनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. मग त्यांच्या माहेरच्या तीन सायकली मी दुरुस्त करून दिल्या आणि तोंड सरळ झालं.

चाक बांधायला मला आबांनीच शिकवलं. मधे हब, भोवती रिम आणि दोघांना धरून ठेवणाऱ्या तारा. जुन्या काळ्या सायकलींना मागं चाळीस आणि पुढं बत्तीस. बांधणं नंतरचं, खरं काम तारा निवडायचं. तारेची लांबी बघायची, जाडी बघायची आणि तिसरी तिची मान. तार जिथं वाकून हबाच्या भोकात बसते, त्या बाकाला आबा मान म्हणायचे. जुनी तार पुन्हा वापरायची असेल तर ते तिच्या मानेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि काही न बोलता तार एकीकडं ठेवायचे. लांबी-जाडी मी चटकन शिकले. मानेच्या नादाला लागले नाही. मी पाकिटातल्या कोऱ्या तारांच्या जमान्यातली, कोऱ्या तारेच्या मानेत बघण्यासारखं काय असतं? शिवाय मी हुशार आहे. हा माझा लहानपणापासूनचा आजार आहे.

दोन वर्षांपूर्वी आबांना लकवा मारला. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. जीव वाचला. उजवा हात मात्र गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. दोनच शब्द राहिले, 'हां' आणि 'न्हाय'. समजत सगळं होतं. ज्या माणसाने जन्मभर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून थांबवलं, चाकात हवा नसली तर शिव्या घालून भरून दिली, तो माणूस आता ओटीवर खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचा. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही यायचा, की हे असे कसे गप्प बसले.

हाताच्या व्यायामाला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, डाव्या हाताच्या बोटांना काहीतरी बारीक काम द्या, मटार सोलायला द्या, मणी ओवायला द्या. मी मनात म्हटलं, आबा मणी ओवणार म्हणजे झालंच. आणि मला तारांचा डबा आठवला.

दुकानात एक मोठा पत्र्याचा डबा आहे. मोडलेल्या, टाकून दिलेल्या चाकांतून काढलेल्या तारा त्यात पडतात. वर्षानुवर्षांच्या, बावीस इंची चाकाच्या, अठ्ठावीस इंची चाकाच्या, जाड, बारीक, सगळ्या एकात एक अडकलेल्या. मी आबांना रोज सकाळी दुकानात आणायला लागले. दाराजवळ खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर डबा. म्हटलं, "आबा, ह्या तारा लई दिवस तशाच पडल्यात. जरा निवडून द्या की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं. मग डाव्या हातानं एक तार उपसून काढली आणि तिच्यावर अंगठा फिरवला. दिवसभर मान वर केली नाही. दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन आली तर तिला हातानंच थांब म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांना कामात बघून मी मागं जाऊन चाकाच्या आडोशाला रडून घेतलं. आनंदानंच.

संध्याकाळी स्टुलावर तीन ढीग होते. मी बघितलं आणि आतून खचले. प्रत्येक ढिगात लहानमोठ्या तारा मिसळलेल्या. पट्टी लावायचीही गरज नव्हती, डोळ्यालाच दिसत होतं. ज्या माणसानं जन्मभर नुसत्या नजरेनं तारेची लांबी ओळखली, त्याला आता लहान-मोठं कळेना. "झ्याक झालं, आबा," म्हटलं. त्यांना घरी पोचवून परत आले, तिन्ही ढीग उचलले आणि डब्यात ओतून डबा हलवला. उद्यासाठी काम तयार.

हे मी रोज केलं. महिना, दीड महिना. कामाची तर गरज होती ना त्यांना, काम कशाचं का असेना, असा माझा विचार. व्यायामाच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फारच कौतुक केलं. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला डोकं चालतं बाई तुझं. मी फुशारून गेले.

पहिले आठ-दहा दिवस आबा झपाझप निवडत. नंतर हात मंदावला. एखादी तार उचलायची, मानेजवळ बघायची, खाली ठेवायची, पुन्हा तीच उचलायची. कधी डब्यात वाकून बराच वेळ नुसते बघत राहायचे. एकदा त्यांनी मला डबा दाखवला, ढीग दाखवले, भुवया वर केल्या. मला वाटलं, अजून किती राहिलंय विचारतायत. म्हटलं, "हाय की अजून भरपूर. निवांत होऊ द्या." त्यांनी मान खाली घातली. त्या वेळी जरा थांबून त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण मला घाई असायची. मला नेहमीच घाई असते.

त्याच आठवड्यात जवळच्या जांबे गावात खोली घेऊन राहणारा एक वॉचमन आला. बिहारकडचा, पन्नाशीचा. रोज सायकलीनं हिंजवडीला ड्यूटीला जायचा. मागचं चाक खड्ड्यात आदळून रिमेचा पार बोऱ्या वाजला होता. हब जुना, त्याच्या भोकात जाड तारच बसणार, आणि त्या जाडीच्या कोऱ्या तारा नेमक्या संपलेल्या. तो म्हणाला, "दीदी, शाम तक बना दो. कल ड्यूटी है." मी पट्टी घेतली, आबांच्या समोरचा डबा ओढला आणि मापाच्या चाळीस तारा काढायला बसले. डब्यातून काढल्या, ढिगांतून काढल्या, हाताला येईल तिथून काढल्या.

आबांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून चांगलीच ताकद होती. "न्हाय," म्हणाले. "न्हाय, न्हाय."

मला वाटलं, लहान मुलासारखे खेळण्याला चिकटलेत. मी हात सोडवून घेतला. "आबा, गिऱ्हाईक थांबलंय. तुमाला उद्या दुसऱ्या देते की." त्यांनी माझ्या पुढ्यातल्या चार-पाच तारा उचलून परत बाजूला टाकल्या. मी त्या पुन्हा घेतल्या. मापाच्या होत्या. मी वैतागले होते आणि ते माझ्या आवाजात आलं असणार, कारण त्यांनी हात मागं घेतला. चाक बांधलं, आऊट काढला, चाक सरळ फिरायला लागलं. वॉचमन खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आबा आले, पण तारांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डबा पुढं केला तेव्हा त्यांनी तो पायानं लांब सारला. डोळ्यांत पाणी होतं. चौथ्या दिवसापासून दुकानात यायचंच सोडलं. दाढी करून घेईनात, जेवण अर्धं टाकून उठायला लागले. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अशा आजारात हळूहळू स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो, मनाची तयारी ठेवा. मी तयारी ठेवली. म्हणजे दुकानात बसून चाकं बांधत राहिले आणि डबा फळीखाली ढकलून दिला.

तीनेक आठवड्यांनी वॉचमन सायकल हातानं ढकलत आला. चाक डुगडुगत होतं. चार तारा तुटल्या होत्या. मी बांधलेलं चाक तीन आठवड्यांत परत येतं म्हणजे काय. मी चाक काढलं, तुटलेल्या तारा हातात घेतल्या. चारही एकाच जागी तुटलेल्या, मानेत. मी बाकीच्या तारा सोडवायला घेतल्या. पाचवी, सहावी, सातवी. त्यांतल्या काहींच्या मानेत एक बारीक खाच पडली होती, हबाच्या कडेनं वर्षानुवर्षं घासून पाडलेली. डोळ्याला जेमतेम दिसत होती. नखाला मात्र लगेच लागली.

मी अंगठ्याचं नख खाचेत धरून उभी राहिले. मग फळीखालचा डबा ओढला, जमिनीवर ओतला आणि एकेका तारेच्या मानेवरून नख फिरवायला बसले. वॉचमन बिचारा बघतच राहिला. गुळगुळीत मान एकीकडं. थोडी झिजलेली दुसरीकडं. खाच पडलेली तिसरीकडं. पंधरा मिनिटांत माझ्या पुढ्यात तीन ढीग झाले, लहानमोठ्या तारा मिसळलेले. ते ढीग मी ओळखले. दीड महिना रोज संध्याकाळी उचलले होते ना मी.

मागच्या चाकाला चालतील त्या. भार कमी असतो म्हणून पुढच्याला चालतील त्या. कुठंच चालणार नाहीत त्या. लांबी पुढं पट्टीनं कुणीही मोजेल, म्हणून आबांनी ती सोडून दिली होती आणि जे मला येत नव्हतं तेवढंच करून ठेवलं होतं, एका हातानं. आणि त्यांनी माझं मनगट धरलं म्हणून मी त्यांच्यावर रागावले होते.

वॉचमनला म्हटलं, "भैया, कल दूँगी. आज दूसरी साइकल ले जाओ." त्याला माझी स्वतःची सायकल दिली आणि तुटलेल्या तारा मुठीत धरून तशीच माहेरी गेले. दुपारची वेळ. आई मागच्या दारी तांदूळ पाखडत बसली होती. आबा आत पडून होते. मी आईला सगळं सांगितलं. निवडलेल्या तारा मी रोज परत डब्यात ओतत होते, हेसुद्धा. तिला ते आजवर ठाऊक नव्हतं.

आईचा हात थांबला. तिनं सूप मांडीवर ठेवलं. "आगं बया," म्हणाली. "म्हंजे तू करत व्हतीस व्हय ते."

"काय गं?"

"त्ये दुकानात जायचे तवा रोज सकाळी मला इचारायचे. हातानं दाखवून. काल मी दुकानात गेलो व्हतो का. मी म्हनायचे, व्हय, गेला व्हता की. मग इचारायचे, काल काम केलं का. मी काय सांगू, मला काय ठावं? परवा तर भिंतीवरचं क्यालेंडर काढून उशाला घिऊन बसले. डोक्याला हात लावून मला म्हनत्यात, न्हाय. म्हंजे गेलं. समदं गेलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुला सांगू नको, अशी खूण केली. तुला दुकानात लक्ष लागायचं न्हाई म्हून."

मी मनानं आबांच्या खुर्चीत बसले. काल आपण खराब म्हणून बाजूला काढलेली तार आज पुन्हा डब्यात. तीच. मानेवरची तीच खाच. परवाही तीच. कुणाला विचारावं तर शब्द नाहीत, आणि ज्या मुलीला विचारलं ती म्हणते, हाय की अजून भरपूर. दीड महिना माझ्या बापाला वाटत होतं की आपण काल काही केलेलंच नाही, केलं असं नुसतं वाटतंय आपल्याला. लकव्यानं त्यांची उजवी बाजू नेली होती. उरलेलं मी नेत होते, रोज संध्याकाळी, मायेनं.

मी आत गेले. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी कॉटच्या कडेला बसले आणि मूठ उघडून तारा त्यांच्यापुढं धरल्या. "आबा, तुटल्या. मानंत तुटल्या. तुमी काढून टाकल्या व्हत्या, मी ऐकलं न्हाई."

त्यांनी तारांकडं बघितलं.

"आनि आबा, डबा मी भरत व्हते. तुमी निवडलेल्या तारा मीच परत वतत व्हते. रोज सांजच्याला. तुमाला घरी सोडून परत जाऊन."

ते हळूहळू वळले. डावं कोपर टेकून उठून बसले. बोट माझ्याकडं केलं.

"व्हय, मी."

मग बोट हवेत गोल फिरवलं. रोज?

"रोज. तुमाला काम ऱ्हावं म्हून."

मला वाटलं आता मारतील. त्यांनी मला कधी हात लावलेला नाही, पण मारलं असतं तर मला आवडलं असतं. त्यांनी बोट पुन्हा माझ्याकडं केलं, मग स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "न्हाय." पुन्हा मी, पुन्हा कपाळ, पुन्हा "न्हाय." म्हणजे ही होती, डोकं गेलं नव्हतं. आणि त्यांना हसू आलं. अर्ध्या तोंडानं, कारण दुसरं अर्धं वळतच नाही, पण पोट धरून हसले. आई सूप घेऊन दारात आली तर तिलाही तेच दाखवलं, ही, आणि हे न्हाय. आजवर मी त्यांना कितीतरी चांगल्या बातम्या दिल्या, पास झाले, नोकरीला नाही म्हणाले, दुकान चालवते म्हणाले. मी तुम्हाला फसवलं, या बातमीचा झाला तेवढा आनंद त्यांना कशाचाच झाला नव्हता. मी रडत होते आणि ते हसत होते, आणि माझं रडणं त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

मग त्यांनी चपला मागितल्या.

दुकानात गेलो. जमिनीवर माझे तीन ढीग तसेच होते. आबा खुर्चीत बसले आणि माझ्या चांगल्या ढिगातल्या तारा एकेक करून तपासल्या. सहा बाहेर काढल्या. मी नख लावून बघितलं, मला काहीच लागलं नाही. वाद घातला नाही. त्यांनी ठेवल्या त्यांतल्या मापाच्या चाळीस घेऊन वॉचमनचं चाक नव्यानं बांधलं. खाच पडलेली प्रत्येक तार ते माझ्या हातात देत होते आणि मी ती गुडघ्यावर दुमडून आकडा करून टाकत होते, म्हणजे पुन्हा कुणाच्या चाकात जाणार नाही. पूर्वी हे ते स्वतः करायचे. एका हातानं तार दुमडता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मी तीन रिकामे डबे आणले. त्यांच्यासमोर तीन ढीग तीन डब्यांत भरले, झाकणं लावली आणि फळीवर ओळीनं ठेवले. आबा सगळा वेळ माझ्या हातांकडं बघत होते. पोलीस चोराकडं बघतो तसे. हक्कच होता त्यांचा. मग त्यांना घरी सोडलं.

सकाळी मी त्यांना आणायला गेले तर दाढी करून, टोपी घालून ओट्यावर तयार. मला वाटलं, खुशीत आहेत. दुकानाजवळ आलो तसे ते चालायचे मंदावले. शटर वर करेपर्यंत भिंतीला धरून उभे राहिले. माझं बोलणं त्यांनी मानलं होतं. पण मुलगी बापाला बरं वाटावं म्हणून काहीही बोलू शकते, हे त्यांना आता माहीत होतं.

ते पाय ओढत सरळ फळीपाशी गेले. पहिल्या डब्याचं झाकण उघडलं. दोन तारा काढून मानेवरून नख फिरवलं. ठेवल्या. दुसरा डबा. मग तिसरा, त्यात आकडे केलेल्या तारा, कालच्या, जशाच्या तशा. त्यांनी एक आकडा उचलून उजेडात धरला.

मग माझ्याकडं वळले. अंगठा खांद्यावरून मागं नेला, काल. आणि हात छातीवर ठेवला.

"व्हय, आबा," मी म्हटलं. "काल तुमीच केलंत."